अण्णांची उशी आणि माझे शॉकअप

गाडी बैठी असली की रुबाबदार दिसते, हे खरं. पण घरची वाट बीड जिल्ह्यातून जात असेल तर? स्पोर्टी सेडानला नव्या स्प्रिंगा आणि शॉकअप घ्यायचे म्हणून तीन दिवस बालाघाट पालथा घातला, त्याची ही गोष्ट.

केज अजून दहा-बारा किलोमीटर होतं. दिवाळी नुकतीच झालेली, उसाचा हंगाम सुरू झालेला. संध्याकाळची वेळ, समोरून ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाच्या दोन ट्रॉल्या आणि त्या ट्रॉल्यांच्या धुरळ्यात लपलेला एक स्पीडब्रेकर. ना पांढरे पट्टे, ना पाटी. मी ब्रेक मारला तोवर पुढची चाकं चढून उतरलीसुद्धा होती. आधी धप्प! मग खर्रर्र... मागच्या सीटवर अण्णा ‘आई गं’ म्हणाले. त्यानंतर घर येईपर्यंत ते काहीच म्हणाले नाहीत.

अण्णांच्या कमरेचं ऑपरेशन होऊन तेव्हा चार महिने झाले होते. दर दोन महिन्यांनी अंबाजोगाईहून पुण्याला तपासणीला यायचं, म्हणजे एका बाजूने सुमारे तीनशे किलोमीटर. कमरेला उशी लावून ते माझ्या गाडीत बसायचे. त्या दिवशी घरी उतरताना त्यांनी ती उशी बगलेत घेतली आणि शांतपणे म्हणाले, “पुढल्या बारीला मी एसटीनंच येतो. मला अर्धं तिकीट आहे. तू कशाला तरास घेतीस?”

मंडळी, एसटी! सहासष्ट वर्षांचा, कमरेचं ऑपरेशन झालेला माझा बाप माझ्या ‘स्पोर्टी’ सेडानपेक्षा लालपरीचा बाक बरा म्हणत होता. यापेक्षा मोठा अपमान गाडीवेड्या माणसाचा होऊ शकत नाही. आणि खरं सांगायचं तर अपमानापेक्षा मला भीतीच जास्त वाटली. त्या धप्पने त्यांच्या कण्याला काही झालं असतं तर?

बैठी गाडी, उभा प्रश्न

माझी गाडी म्हणजे सेकंडहँड लिनिया टी-जेट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ही फियाटची सेडान, १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ पीएसची ताकद. टी-जेट भारतात आली २०१० साली. बनायची रांजणगावला, त्यामुळे पुण्याहून गावी जाताना ती दर वेळी स्वतःच्या माहेरावरून जाते. फियाटने भारतात गाड्या विकणं थांबवलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तेव्हा तिचे पार्ट शोधणं हा एक वेगळाच छंद आहे.

मी ती दोन वर्षांपूर्वी एका आयटीवाल्याकडून घेतली. टायर आणि फेंडर यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जागा. “जर्मन लोअरिंग स्प्रिंगा आहेत, पस्तीस एमएम ड्रॉप,” तो अभिमानाने म्हणाला. मी तिथेच भाळले. एफसी रोडवर सिग्नलला उभी राहिले की बाइकवाली पोरं वळून बघायची. गाडी जरा कडक वाटायची, पण स्पोर्टी म्हणजे असंच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शिवाय पुण्यात मी बहुतेक वेळा एकटीच असते. मागची सीट म्हणजे लॅपटॉपची बॅग आणि जिमचे शूज!

अण्णांच्या त्या वाक्यानंतर मात्र ठरवलं, सस्पेन्शन बदलायचंच.

स्प्रिंग पेलते, शॉकअप आवरतो

आधी थोडा अभ्यास. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर जो क्लोजर असतो ना, तो आठवा. त्यातली स्प्रिंग दार ओढते आणि त्यातलं तेल दाराला आपटू देत नाही. तेल संपलं की दार धाडकन लागतं. गाडीचंही तसंच आहे. वजन पेलते ती स्प्रिंग, आणि दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते तेव्हा तिला आवर घालतो तो शॉकअप. स्प्रिंग कडक आणि शॉकअप थकलेला, अशी जोडी जमली की गाडी आधी आपटते आणि मग उड्या मारत राहते.

बाजारात गेलं की पर्याय डोकं फिरवतात. आयबाख आणि एचअँडआरसारख्या जर्मन कंपन्यांच्या लोअरिंग स्प्रिंगा. उंची हवी तशी कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर. बिल्स्टीनचे मोनोट्यूब शॉकअप, ज्यांत तेल आणि दाबाचा गॅस एकाच नळीत असतात, मध्ये फक्त एक तरंगता पिस्टन. ते लवकर तापत नाहीत, म्हणून जोरात चालवणाऱ्यांचे लाडके. डच कंपनी कोनीचे शॉकअप. या कंपनीची सुरुवात १८५७ मध्ये घोड्यांचं खोगीर-सामान बनवण्यापासून झाली, हे वाचून मला फार गंमत वाटली! जपानी केवायबी आहे, मनरो आहे, आणि आपल्या पुण्यातली गॅब्रिएल आहेच. यातले बरेचसे रोजच्या वापराचे शॉकअप ट्विनट्यूब, म्हणजे नळीत नळी. किंमत कमी आणि छोट्या खड्ड्यांना जरा मऊ.

पुण्यात तीन ठिकाणी विचारलं. पहिल्याने कॉइलओव्हर सुचवले. दुसरा म्हणाला, “मॅडम, स्प्रिंगा ठेवा, फक्त मोनोट्यूब टाका, मख्खन होईल.” तिसऱ्याने विचारलं, “ट्रॅकवर नेणार का?” मागच्या सीटवर कोण बसणार, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

मी मोनोट्यूबची ऑर्डर देणारच होते. पण पैसे मोजायच्या आधी वाटलं, ज्या रस्त्यासाठी घेतेय तो रस्ता एकदा नीट बघून तरी घ्यावा. लहानपणापासून त्या रस्त्याने जातेय, पण त्याच्याकडे कधी ‘रस्ता’ म्हणून बघितलंच नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी तीन दिवस काढले, वही घेतली आणि निघाले.

दिवस पहिला : डोंगरपट्टा

पुणे, नगर (आता अहिल्यानगर), जामखेड. जामखेड सोडलं की काही वेळात सौताडा येतं आणि तुम्ही बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात शिरता. इथे विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत उडी घेते आणि दरीत रामेश्वराचं मंदिर आहे. पावसाळ्यात इथे गर्दी असते, मी गेले तेव्हा पाण्याची नुसती एक धार उरली होती. कड्यावर उभं राहिलं की जमिनीची चिरलेली बाजू समोर दिसते. काळ्या बेसाल्टचे थरावर थर, आणि वर मातीचा पातळ पापुद्रा.

हाच तो बालाघाट. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागाला आम्ही डोंगरपट्टा म्हणतो. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या इथून निघतात आणि सीताफळंही इथलीच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. रस्त्याकडेला शेवटची सीताफळं घेऊन बसलेल्या मावशींकडून एक पाटी घेतली आणि डिकीत ठेवली.

इथली जमीन कठीण, त्यामुळे डांबर उखडलं की खड्ड्याला धार राहते. चाक आत पडतं आणि पलीकडच्या कडेवर ठेचकाळतं. अशा खड्ड्याला पटकन दबणारी स्प्रिंग लागते आणि दबायला पुरेशी जागाही. माझ्या गाडीत दबायला जागाच नव्हती. पस्तीस मिलिमीटर खाली आणलेली गाडी म्हणजे चाकाच्या वरच्या बाजूचा तेवढाच प्रवास आधीच खर्च झालेला. उरलेला संपला की गाडी थेट बम्प स्टॉपच्या रबरावर बसते. धप्पचा अर्थ मला पाटोद्याच्या अलीकडे कळला.

दिवस दुसरा : घाट आणि सिमेंट

मुक्काम बीडला मैत्रिणीकडे. सकाळी सोलापूर रस्त्याने निघाले. वाटेत खजाना विहीर लागते. १५८२ च्या सुमाराची, निजामशाहीत सलाबतखानाच्या काळात बांधलेली ही विहीर. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचं पाणी शेतांपर्यंत नेलेलं आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी उताराचा हिशेब इतका नेमका केला होता आणि आम्हाला एक स्पीडब्रेकर मापात करता येत नाही! माप आहे बरं का. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत ब्रेकरची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे, म्हणजे गाडी हळूच चढते आणि हळूच उतरते. गावोगावचे ब्रेकर मात्र रात्रीतून उगवलेले, अरुंद आणि उंच. त्यांना गावकऱ्यांच्या दृष्टीने कारणही असतं. शाळेसमोरून कोणी शंभरने जाणार असेल तर गाव दुसरं काय करणार? वाहन माझं असलं तरी रस्ता त्यांच्या दारातला आहे.

पुढे मांजरसुंब्याचा घाट. आता हा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग ५२. कबूल करते, इथे मात्र बैठी गाडी भारी वाटते! वळणावर अंग टाकत नाही, स्टिअरिंग फिरवलं की लगेच वळते. वर पोचून चहा घेतला, कपिलधारच्या फाट्याकडे बघत बसले आणि क्षणभर वाटलं, राहू दे की अशीच.

मग केजच्या दिशेने वळले. जिल्ह्यातले बरेच रस्ते आता सिमेंटचे झालेत, हायसं वाटतं. पण सिमेंटच्या रस्त्याला दर साडेचार मीटरच्या आसपास सांधा असतो. ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. टक-टक-टक-टक-टक. आता गंमत बघा. बसलेल्या माणसाच्या धडाला सगळ्यात जास्त त्रास देणारी कंपनं असतात सेकंदाला ४ ते ८. म्हणजे जो रस्ता मला गुळगुळीत वाटत होता, तोच कडक स्प्रिंगेतून अण्णांच्या कण्याला नेमका बोचत होता. ते नुसते ‘अवघडून जातंय’ म्हणायचे आणि मी गाण्याचा आवाज वाढवायचे.

दिवस तिसरा : धारूर ते गंगथडी

धारूरचा किल्ला सोळाव्या शतकातला, आदिलशाहीतला. गाव बालाघाटाच्या वर, आणि तेलगाव-माजलगावकडे जायचं तर धारूरचा घाट उतरावा लागतो. मांजरसुंब्यासारखा हा ऐसपैस नाही. आवळ वळणं, समोरून मालट्रक, आणि हंगामात उसाची वाहनं. वळणाच्या मध्येच खड्डा आला की कडक गाडीचं चाक जमीन सोडतं आणि मागची बाजू एक पाऊल बाजूला सरकते. मांजरसुंब्याला शिकलेली हुशारी धारूरला गळून पडली.

घाट उतरलं की दुसरंच जग. सिंदफणेवरचं माजलगावचं धरण, उसाची शेतं आणि काळीभोर माती. हिला आम्ही गंगथडी म्हणतो, कारण गोदावरी आमची गंगा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता वर्षभर श्वास घेतो म्हणा ना! त्यामुळे खड्डे नसले तरी लाटा येतात. साठच्या वेगाने, बारा-बारा मीटरवर उंचवटे असले, तर सेकंदाला साधारण दीडदा हेलकावा. बहुतेक मोटारी स्वतःच्या स्प्रिंगेवर जवळपास याच ठेक्याला डोलतात. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो वाढत जातो, तसंच इथे होतं. इथे स्प्रिंग बदलून भागत नाही, उसळी आवरणारा दमदार शॉकअपच लागतो. माझी गाडी तिथे होडीसारखी झुलत होती.

वहीत मी लिहिलं : डोंगरपट्ट्याला दबायला जागा, सिमेंटला मऊपणा, घाटाला पकड, काळ्या मातीला आवर. एका गाडीत एवढं सगळं?

गाडीखाली सापडलेलं सत्य

संध्याकाळी अंबाजोगाईला पोचले. घरी जायच्या आधी, ट्रक-टेम्पोचे कमानपाटे करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. नुसतं वरवर बघा म्हटलं. त्यांनी जॅक लावला, बॅटरी घेतली, आणि दोन मिनिटांत मला खाली बोलावलं.

“ताई, कोण म्हणलं जर्मन? ही कंपनीचीच इस्प्रिंग आहे. रंगाची खूण बघा. गिरायंडरनं कापलीय.”

खरंच! खालचं वेटोळं सरळ कापलेलं, कडेला गंज, बैठकीवर नीट न बसलेलं. स्प्रिंगेची सहा वेटोळी असतील आणि एक कापलं, तर ती वीस टक्के कडक होते आणि आखूडही. वर चाक मोकळं लोंबलं की जागेवरून निसटण्याची भीती. बम्प स्टॉपच्या रबराचा भुगा झालेला. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले. “तुम्ही वर कितीबी महागाचा शॉकप टाका,” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “खाली हे आसंच ऱ्हायलं तर सहा महिन्यांत तो बी जाईल.”

दोन वर्षं मी ज्याला ‘स्पोर्टी’ म्हणत होते, तो ग्राइंडरचा एक झटका होता. पैसे भरायच्या आधी गाडीखाली वाकून बघितलं नाही, हा दोष माझाच.

शेवटी काय घेतलं?

निवड अगदी साधी झाली. टी-जेटच्याच पार्ट नंबरच्या, मूळ उंचीच्या चार स्प्रिंगा. त्यांना जुळणारे गॅस भरलेले ट्विनट्यूब शॉकअप, चारही एकदम. सोबत वरचे माउंट, बम्प स्टॉप, लिंक रॉड, खालच्या आर्मचे बुश. मग व्हील अलाइनमेंट. मोनोट्यूब वाईट नाहीत, पण ते जोरात धावणाऱ्या गाडीचं औषध आहे आणि माझा आजार दुसराच होता. एका मोठ्या लेखाचं मानधन गेलं, वर मैत्रिणीकडून थोडी उसनवारी.

गाडी उंच झाली. ग्रुपवर फोटो टाकला तर पहिलं उत्तर आलं, ‘एसयूव्ही केलीस का?’ मांजरसुंब्याच्या घाटात ती आता पूर्वीपेक्षा थोडी अंग टाकते, हेही खरं. पण धारूरच्या घाटात चाक जमीन सोडत नाही, आणि माजलगावच्या रस्त्यावर एका हेलकाव्यात शांत होते. जोरात जाण्यापेक्षा न घाबरता जाता येणं, हे मला आता जास्त स्पोर्टी वाटतं.

जानेवारीत अण्णांना आणायला गेले. त्यांनी एसटीचं रिझर्वेशन करूनच ठेवलं होतं! बऱ्याच मिनतवारीनंतर तह झाला : मांजरसुंब्यापर्यंत गाडीत यायचं, त्रास झाला तर तिथून एसटी. उशी कमरेला लावून ते बसले. मी आरशात त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, केजजवळच्या त्या ब्रेकरवरून गाडी हळूच नेली. खर्रर्र नाही. धप्प नाही. ते काही बोलले नाहीत.

मांजरसुंब्याला चहा झाला. अण्णा रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. एक एसटी आली, थांबली, गेली. ते परत आले, मागचं दार उघडलं, कमरेची उशी काढली आणि खिडकीशी डोक्याला लावली. सौताडा येईस्तोवर घोरायला लागले होते.

जागे झाले ते थेट नगरला. बाहेर बघत म्हणाले, “रस्ता चांगला केलाय की गं आता!”

मी म्हटलं, “हो अण्णा, परवाच केला.”

चौकट : शॉकअप-स्प्रिंगा घेण्याआधी

• आधी गाडी वर घेऊन खालून बघा. तेल गळतंय का, स्प्रिंग कापलेली आहे का, रबर शाबूत आहेत का. मगच कॅटलॉग उघडा.

• तुमच्याच मॉडेलचा, तुमच्याच इंजिनाचा पार्ट नंबर घ्या. डिझेल इंजिन जड असतं, त्याची पुढची स्प्रिंग पेट्रोलला चालेलच असं नाही.

• निदान जोडीने बदला : पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. एकटा नवा शॉकअप कधीही टाकू नका.

• लोअरिंग करायचंच असेल तर ठरलेल्या मापाच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप घ्या. स्प्रिंग कापू देऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. नवी गाडी असेल तर वॉरंटीच्या अटीही वाचा.

• ट्रायल रिकाम्या गाडीत घेऊ नका. घरची माणसं आणि डिकीतलं सामान घेऊन, तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर घ्या.

• बीड जिल्ह्यात जायचंय? ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सौताडा आणि कपिलधार, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सीताफळं. नोव्हेंबरनंतर संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्यांपासून अंतर ठेवा. त्यांच्या धुरळ्यात ब्रेकर असतो!